वाकलेल्या पाठीचे चित्र

गेल्या महिन्यात एका फिलिपिनो सहकाऱ्याच्या घरी जेवायला गेलो होतो. त्याच्या बैठकीच्या खोलीत फर्नांदो आमोर्सोलो यांच्या एका चित्राची छापील प्रत टांगलेली होती. पाण्याने भरलेले खाचर, वाकून भात लावणाऱ्या स्त्रिया आणि सगळ्यावर पसरलेले सोनेरी ऊन. मला कोकणातले आमचे गाव आठवले. चित्राचा फोटो काढून मी तो आईला पाठवला.

रात्री तिचा फोन आला. "चित्र छान आहे," ती म्हणाली, "पण ह्यांच्या पायांना चिखल्या झालेल्या दिसत नाहीत."

आईने अनेक पावसाळे दुसऱ्यांच्या शेतात लावणी केली आहे. तिच्या त्या एका वाक्यामुळे मी फिलिपिन्सची चित्रकला नव्याने पाहू लागलो. कष्टणारा माणूस हा त्या कलेचा एक जुना विषय आहे. पण त्याच्याकडे कोण कोठून पाहतो, यावर चित्राचा अर्थ बदलतो.

आमोर्सोलो (१८९२–१९७२) हे फिलिपिन्सचे पहिले 'राष्ट्रीय कलावंत'. आकृतींच्या पाठीमागून येणारा प्रकाश ही त्यांची खासियत. त्यांची ग्रामीण दृश्ये बहरली ती अमेरिकी राजवटीत, आणि ती हौसेने विकत घेणाऱ्यांत अमेरिकी अधिकारी व प्रवासी बरेच होते. त्या काळी जमीन मोजक्या मालकांच्या हाती होती. कुळे वाट्याने शेती करीत आणि कर्जात बुडत. मे १९३५ मध्ये मनिलाच्या आसपासच्या प्रांतांत साक्दाल चळवळीतील शेतकऱ्यांनी उठाव केला. चित्रांतल्या शेतांवर मात्र ऊन तसेच कोवळे राहिले. अर्थात, आमोर्सोलो यांना दुःख दिसतच नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल; दुसऱ्या महायुद्धात जळणारी मनिला आणि शोक करणाऱ्या स्त्रियाही त्यांनी रंगवल्या आहेत.

या गोडव्याला पहिला ठळक छेद दिला व्हिक्टोरिओ एदादेस यांनी. ते अमेरिकेत सिॲटलला चित्रकला शिकले आणि शिकत असताना अलास्कातील मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत राबले. परदेशी मजुराचे जिणे त्यांनी स्वतः भोगले होते. १९२८ मध्ये मनिलात त्यांनी प्रदर्शन भरवले. त्यातील 'द बिल्डर्स' या चित्रात दगडांशी झुंजणारे मजूर आहेत: मातकट रंग, जाड रेषा, ताणलेली शरीरे. सोनेरी उन्हाला सरावलेल्या रसिकांना ते कुरूप वाटले. आज फिलिपिन्समधील आधुनिक कलेचा आरंभ त्याच प्रदर्शनापासून मानला जातो.

एदादेस यांनी श्रमाचा भार दाखवला; तो भार कोण लादते, हा प्रश्न पुढच्या पिढीने विचारला. १९७२ मध्ये मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला. त्या दडपशाहीच्या काळात, १९७६ मध्ये, काही तरुण चित्रकारांनी 'काइसाहान', म्हणजे 'एकजूट', हा गट स्थापन केला. त्यांच्यापैकी अँतिपास देलोताव्हो यांनी १९७८ मध्ये एक जलरंगचित्र काढले. थकलेला, कृश असा एक वृद्ध कामकरी कोकाकोलाच्या भल्यामोठ्या लाल जाहिरातीसमोरून चालला आहे, आणि जाहिरातीतील अक्षराचे टोक सुऱ्यासारखे त्याच्या छातीवर रोखलेले आहे. चित्रात ना मालक आहे, ना शिपाई. एका अक्षराच्या वळणात सारी व्यवस्था सामावली आहे.

हे सारे वाचल्यावर भिंतीवरील ते सोनेरी चित्र मला खोटे वाटू लागले. मी सहकाऱ्याला तसे बोलूनही दाखवले. तो शांतपणे म्हणाला, "माझी आई लावणीला जायची. हे चित्र तिनेच मला दिले आहे."

मी ओशाळलो. ज्यांच्या वतीने मी रागावलो होतो, त्यांना काय आवडते हे विचारण्याचे मला सुचलेच नव्हते. आईला हे सांगितले तेव्हा ती क्षणभर थांबून म्हणाली, "मग असू दे की. ऊन आमच्याही अंगावर पडायचंच."

म्हणून माझ्या मुलीला मी एकच चित्र दाखवणार नाही. आमोर्सोलो, एदादेस आणि देलोताव्हो यांची तिन्ही चित्रे शेजारी-शेजारी ठेवीन. आपल्या घराघरांत लावणी केलेली, दगड फोडलेली, गिरणीत राबलेली माणसे अजून आहेत. मुलांनी ही चित्रे घेऊन त्यांच्याजवळ बसावे आणि विचारावे, यांत काय खरे आहे आणि काय राहून गेले आहे. चिखल्यांची गोष्ट कोणत्याही संग्रहालयात लिहिलेली नाही. ती मला आईकडूनच कळली.