काळ्या पट्ट्यांची वास्तुकला

परवां एका थंड हवेच्या ठिकाणीं नवें विश्रामगृह पाहण्यांत आलें. सिमेंटच्या पांढऱ्या भिंतींवर काळ्या रंगाच्या फळ्या उभ्याआडव्या ठोकल्या होत्या. 'ही जुन्या इंग्लिश खेड्यांतील पथिकाश्रमाची धाटणी,' असें चालकांनीं अभिमानानें सांगितलें, आणि सोबतच्या सुशिक्षित मंडळींनीं माना डोलविल्या. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्यांची हयात गेली, ते आम्हीही तेथें गप्प राहिलों. त्या मौनाचें हें प्रायश्चित्त.

ती धाटणी खरोखर पाहावयाची असेल तर सॉमरसेट परगण्यांतील नॉर्टन सेंट फिलिप या खेड्यांतला 'जॉर्ज' पथिकाश्रम पाहावा. चौदाव्या शतकांत जवळच्या हिंटन येथील कार्थूजियन मठानें तो उभारिला. गांवच्या जत्रेस लोंकरीचे व कापडाचे व्यापारी येत. त्यांस निजावयास जागा हवी, मालास कोरडी कोठी हवी, गाड्यांस आंत शिरावयास वाट हवी. या तीन गरजांनींच त्या वास्तूस रूप दिलें. तळमजला दगडी, त्यांत मधोमध कमानीची वाट, मागें चौक. पंधराव्या शतकांत वरचे मजले लांकडी सांगाड्यावर चढविले, आणि प्रत्येक मजला खालच्याहून थोडा रस्त्याकडे पुढें काढला. तेथील काळसर लांकूड वरचा सारा भार वाहतें. आमच्या विश्रामगृहाच्या फळ्या उद्यां उपटून नेल्या, तरी एक वीट हलणार नाहीं!

१५३९ मध्यें मठ बरखास्त झाला, पथिकाश्रम राहिला. १६६८ मध्यें दैनंदिनीकार सॅम्युएल पीप्स तेथें जेवला. जून १६८५ मध्यें ड्यूक ऑफ मन्मथचें बंडखोर सैन्य याच गांवीं उतरलें. धनी बदलले, काळ बदलला. पांथस्थाची सोय हा त्या घराचा धर्म मात्र बदलला नाहीं.

कोणी म्हणेल, हौसेला मोल नसतें. डोळ्यांस बरें दिसतें, एवढें पुरे. हौसेशीं आमचें भांडण नाहीं. पण दगडी जोतें, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मध्यें चौक, पुढें दिंडीदरवाजा, ही आपल्या वाड्याची रचना त्याच न्यायानें झालेली नाहीं काय? पुण्याचा विश्रामबाग वाडा पाहावा. आपल्या सुतारानेंही ऊन, पाऊस, माणूस व जनावर यांचा विचार करूनच खण मोजले. ते वाडे, त्या धर्मशाळा आपण पाडतों, त्यांचे खांब जुन्या बाजारांत विकतों, आणि परक्यांच्या खांबांचीं चित्रें भिंतींवर काढतों. याला रसिकता म्हणावें कीं करंटेपणा?

दगड जवळच्या खाणीचा, लांकूड जवळच्या रानाचें आणि आकार येणाऱ्याच्या गरजेचा, हा 'जॉर्ज'चा धडा आहे. तो ज्यास समजला, त्यास काळ्या रंगाचा डबा विकत आणावा लागणार नाहीं.