एक गुंठा फिरकीसाठी राखा

यात्रांचा हंगाम सुरू झाला की खेड-मावळच्या गावांत दोन गोष्टी हमखास होतात. घाटात गाडे पळतात आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानात टेनिस बॉलच्या मॅचेस लागतात. निघोजे, महाळुंगे, कुरुळी, आंबेठाण, कुठल्याही गावाच्या वेशीवर जा, चषकाचा फ्लेक्स दिसतोच. वर पुढाऱ्यांचे फोटो, खाली बक्षिसांचे आकडे. पहिलं बक्षीस अमुक, दुसरं तमुक, जास्तीत जास्त सिक्सर मारील त्याला वेगळं. टप्प्यावर चेंडू टाकणाऱ्या फिरकीवाल्याला काय मिळणार, ते मात्र कुठंच लिहिलेलं नसतं.

शेतीच्या पानावर क्रिकेट कशाला, असं काही वाचक म्हणतील. त्यांनी थोडं दमानं घ्यावं. विषय शेवटी जमिनीचाच आहे, आणि तोही एका गुंठ्याचा.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका स्पर्धेला बसलो होतो. बाविशीतला एक पोरगा बॉलिंगला आला. एका कंपनीत कंत्राटावर काम करणारा, तिसरी पाळी उरकून थेट मैदानावर आलेला. पहिला चेंडू असा काही वळला की बॅट्समन बघतच राहिला. दुसरा फुलटॉस पडला, सिक्स. तिसरा आखूड, पुन्हा सिक्स. षटकात बावीस रन गेले. कॅप्टन म्हणाला, "बास झालं. उद्यापासून जोरात टाकत जा."

मॅच संपल्यावर पोराला विचारलं, "सराव कुठं करतोस रं?"

"कुठं करणार काका? शाळेच्या ग्राउंडवर बसगाड्या लागतात. मागच्या रानात प्लॉटिंग पडलं. मॅच असली की टाकतो, तेवढंच."

या उत्तरातच सगळं आलं. पोराच्या बोटांत कला होती, पण ती रोज घासायला जागा नव्हती.

चाड्यावरची मूठ

पाभरीनं पेरणी करणाऱ्याला फिरकीचं मर्म वेगळं सांगावं लागत नाही. बियाणं सारख्या अंतरानं पडतं ते चाड्यावर धरलेल्या मुठीमुळं. ती मूठ ताकदीची नसते, सवयीची असते. नवख्यानं मूठ धरली की कुठं दाट, कुठं विरळ उगवतं. तेच फिरकीचं. हात क्षणभर आधी सुटला की चेंडू फुलटॉस, क्षणभर उशिरा सुटला की आखूड. तो क्षण हाताला कळायला हजारो चेंडू टाकावे लागतात. स्पर्धेतल्या दोन षटकांनी ते होत नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच पुण्यातला आहे. पालवणकर बाळू, क्रिकेटच्या इतिहासात पी. बाळू म्हणून ओळखले जातात. जन्म 1876 चा, चर्मकार समाजातला. पुण्यात पारशांच्या क्लबात महिना 3 रुपयांवर खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, हे त्यांचं काम. पुढे युरोपियनांच्या क्लबात 4 रुपयांवर गेले. तिथं साहेब लोकांना नेटमध्ये चेंडू टाकायचं काम मागे लागलं. ग्रेग नावाचा त्या काळचा नामांकित फलंदाज बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर हात बसावा म्हणून इतरांच्या आधी मैदानावर येई. साहेबाला बॅटिंगचा सराव मिळाला आणि बाळूंच्या हाताला टप्पा सापडला. त्यांना कोणी बॅट हातात धरू दिली नाही, पण चेंडू टाकायला रोज जागा मिळाली.

त्यातून काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक असायला हवं. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यानं बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला. तरी बाळूंनी सात बळी घेतले. 1911 साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तिथं त्यांनी 114 बळी मिळवले, सरासरी 18.84. आणि हाच माणूस पुण्यात खेळताना चहाच्या वेळी पॅव्हेलियनच्या बाहेर उभा राही. त्याला चहा मातीच्या भांड्यात वेगळा मिळे. हे विसरून चालणार नाही, त्याकडे पुढे येतो.

दुसरं नाव बापू नाडकर्णींचं. जन्म नाशिकचा, 1933 चा. आधी महाराष्ट्राकडून, मग मुंबईकडून खेळले. तेही डावखुरे फिरकीवालेच. जानेवारी 1964 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी एका डावात 32 षटकं टाकली, त्यातली 27 निर्धाव. धावा दिल्या अवघ्या 5. सलग 131 चेंडूंवर इंग्रजांना एकही धाव काढता आली नाही. खेळपट्टीवर टप्प्याच्या जागी नाणं ठेवून ते त्यावर चेंडू पाडण्याचा सराव करीत, असं सांगतात. नाणं ठेवायला काय खर्च येतो? जागा आणि चिकाटी पाहिजे.

गहुंज्यात दोनदा शिकवलेला धडा

हे जुन्या काळचं झालं म्हणाल, तर अगदी शेजारचं सांगतो. मावळातल्या गहुंज्याला 2012 मध्ये मोठं स्टेडियम उभं राहिलं. 2017 च्या फेब्रुवारीत तिथं ऑस्ट्रेलियाची कसोटी झाली. स्टीव्ह ओकीफ या डावखुऱ्या फिरकीवाल्यानं पहिल्या डावात 35 धावांत 6 आणि दुसऱ्या डावातही 35 धावांतच 6 बळी घेतले. आपला संघ 105 आणि 107 वर गारद. पहिल्या डावात तर शेवटचे सात गडी अकरा धावांत गेले. सामना तीन दिवसांत संपला, 333 धावांनी आपण हरलो.

पुन्हा ऑक्टोबर 2024 मध्ये न्यूझीलंडचा मिचेल सँटनर आला. तोही डावखुरा. त्यानं सामन्यात 13 बळी घेतले, आपण 113 धावांनी हरलो, आणि घरच्या मैदानावर बारा वर्षं न हरलेली कसोटी मालिका हातातून गेली.

2017 ची ती खेळपट्टी खराब होती, असा शेरा आयसीसीनंच दिला, हे खरं. पण माती दोन्ही संघांना एकच होती. आपल्याकडंही अश्विन आणि जडेजासारखे कसलेले फिरकीवाले होते. ओकीफचे सगळेच चेंडू हातभर वळत नव्हते. काही वळत, काही सरळ जात. पण पडत एकाच जागी. बॅट्समनला कळेना की यातला कुठला वळणार. टप्पा पक्का असला की सरळ चेंडूसुद्धा विकेट काढतो, हा धडा परक्यांनी आपल्या मावळच्या मातीवर येऊन दोनदा दिला. आपल्या गावच्या स्पर्धा मात्र सिक्सरच मोजत बसल्या आहेत.

बारदान आणि वही

ज्या पोरांना शिकायचं आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. यात नवीन काही नाही, पण गावात सांगणारं कोणी नसतं.

पहिली गोष्ट, आधी चेंडू बोटांनी वळवायला शिका. टप्प्याच्या नादात नुसता सरळ ढकलायची सवय लागली तर ती मोडत नाही. टेनिसचा चेंडू हलका, त्याला शिवण नाही. त्यावर बोटं नीट बसत नाहीत, म्हणून पोरं जोरात टाकायच्या मागे लागतात आणि काहींचा हात कोपरातून फेकीला जातो. सरावाला तरी चार पोरांत मिळून एक सीझन बॉल घ्यावा.

दुसरी, धाव मोजून घ्या. चार पावलं तर चारच. जिथून सुरुवात करायची तिथं फक्कीची खूण करा. चेंडू सोडताना डोकं एका बाजूला कललं की दिशा गेली, हे ध्यानात ठेवा.

तिसरी, टप्प्यावर बारदान अंथरा. फलंदाजाच्या स्टंपपासून साधारण पाच पावलांवर. आधी थोड्या जवळून टाका, मग पूर्ण बावीस यार्डांवरून. दहापैकी सात चेंडू बारदानावर पडायला लागले की ते दुमडून अर्धं करा. मग पुन्हा अर्धं. नाडकर्णींच्या नाण्यापर्यंत नाही पोचलात तरी रुमालापर्यंत पोचाल.

चौथी, वही ठेवा. रोज सहा षटकं, म्हणजे 36 चेंडू. किती बारदानावर पडले ते लिहा. महिन्याला हजारावर चेंडू होतात. डेअरीत दूध घातल्यावर रोजचं फॅट आपण लिहून घेतो की नाही? तसंच हे. तिसरी पाळी करणाऱ्यालाही यासाठी अर्धा तास पुरतो.

यातल्या कशालाही पैसा लागत नाही. फिरकीला उंची लागत नाही, पहिलवानाची छाती लागत नाही, महागडी बॅट लागत नाही. गरिबाच्या पोराला परवडणारी हीच एक कला क्रिकेटमध्ये उरली आहे. आणि हे पोरींनाही तितकंच लागू आहे.

हिशेब एका गुंठ्याचा

आता जमिनीवर येऊ. खेळपट्टी बावीस यार्डांची, म्हणजे 66 फूट. धावायला आणि मागे जाळीला जागा धरून शंभर फूट लांब आणि दहा फूट रुंद पट्टी पुरते. झाले हजार चौरस फूट. एक गुंठा 1089 चौरस फुटांचा. म्हणजे गावाला लागतो तो एकच गुंठा, ज्याच्या भावाची चर्चा आपल्या भागात चहाच्या टपरीवर रोज चालते.

एमआयडीसीचे टप्पे वाढत गेले, तशी रानं गेली. मोबदला आला, गाड्या आल्या, भाड्याच्या खोल्या उठल्या. त्याला नावं ठेवायची नाहीत, रोजगारही त्यातूनच आला. पण सगळं मोजून विकताना पोरांच्या पायाखालची मोकळी जागा आपण मोजलीच नाही. संध्याकाळी पोरं कट्ट्यावर मोबाईल घेऊन बसतात म्हणून आपण त्यांच्यावर ओरडतो. पण कट्ट्यावरून उठून त्यांनी जायचं कुठं?

थेरगावात महापालिकेच्या हद्दीत वेंगसरकर अकादमी आहे. ऋतुराज गायकवाड तिथंच घडला, याचा अभिमान आहेच. पण आंबेठाणच्या किंवा वासुलीच्या पोरानं पाळी सांभाळून, चाकणच्या तळेगाव चौकातली ट्रॅफिक पार करून थेरगावला रोज कसं जावं?

गाड्याच्या घाटाचंच बघा. शर्यतींवर 2014 मध्ये बंदी आली, 2021 च्या डिसेंबरात ती उठली. मधली सात वर्षं बारी झाली नाही, तरी कितीतरी गावांनी घाट मोडला नाही. आणि कुठला गाडामालक बैल दावणीवरून सोडून थेट यात्रेत पळवतो? वर्षभर त्याला फिरवतो, खुराक देतो, सरावाला पळवतो. बैलाला जे कळतं म्हणून आपण देतो, ते पोराला का देत नाही?

म्हणून सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्यापुढं तीन गोष्टी ठेवतो. एक, येत्या ग्रामसभेत ठराव करून शाळेच्या किंवा गावठाणाच्या जागेतली एक गुंठ्याची पट्टी कायम सरावासाठी राखा, आणि तिच्यावर गाड्या लावायला मनाई करा. गावाची सामाईक जागा गावाच्या उपयोगासाठीच राहिली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच बजावलं आहे. क्रीडांगण विकासाच्या अनुदानासाठी जिल्हा क्रीडा कार्यालयात चौकशी करा. दोन, चषकाच्या बक्षिसातला थोडा भाग मॅट, जाळी आणि रोलरसाठी बाजूला काढा, आणि फ्लेक्सवर सिक्सरच्या बक्षिसाखाली टप्प्यावर टाकणाऱ्याचंही बक्षीस लिहा. तीन, ही पट्टी सगळ्यांना खुली ठेवा. गावकीच्या पोरांना आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मराठवाड्याच्या, विदर्भाच्या, बिहारच्या पोरांनाही. बाळूंना चहा बाहेर उभं राहून प्यावा लागला, ती चूक आपल्या पट्टीवर वेगळ्या रूपात होता कामा नये.

पट्टी तयार करायला बाहेरून माणूस आणायची गरज नाही. आपल्या जुन्या माणसांनी खळी केलेली आहेत. खाली मुरूम, वर चाळलेली माती, पाणी मारायचं, चोपायचं, वाळू द्यायचं, पुन्हा रोलर. खळं करायचं ज्याला ठाऊक, त्याला खेळपट्टी अवघड नाही.

यातून कसोटी खेळणारा निघेलच, असं वचन कोणी देऊ नये. हजारात एखादा निघतो. पण रोज 36 चेंडू एका जागी टाकणारं पोरगं मशिनवर, शेतात, संसारात कुठंही गेलं तरी हात स्थिर ठेवायला शिकलेलं असतं. तो बाविशीतला पोरगा परवा बसस्टॉपवर पुन्हा भेटला. विचारलं, "टाकतोस का अजून?" म्हणाला, "जागा दाखवा काका, आजपासून टाकतो."

ग्रामसभा फार लांब नाही. जागा दाखवायचं काम आपलं आहे.