बोलता बोलता : गावठी

मंडळी, मागच्या महिन्यात माहीमला शेजारच्या काकींच्या ओटीवर बसलो होतो. त्यांची धाकटी मुलगी मुंबईला कॉलेजात शिकते, वसतिगृहात राहते. सुट्टीला आली होती. काकी म्हणाल्या, "पोर फोनवर आता आपलं वाडवळी बोलतच नाही हो. पुस्तकातल्यासारखं बोलते." मुलगी आधी गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "तिकडे मुली हसतात, काका. गावठी म्हणतात."

आता हा शब्द काही शिवी म्हणून जन्मलेला नाही. गावठी म्हणजे गावचा, गावात झालेला. गावकी, गावकरी, गावठाण ही त्याची भावंडे. गावंढळ हेही त्याच घरातले, पण ते टोमण्याचेच. गावठीचे तसे नव्हते. रानात फिरते ती रानकोंबडी आणि आपल्या अंगणात दाणे टिपते ती गावठी, म्हणजे इथे तर गावठीचा अर्थ माणसाळलेली!

पुढे बाहेरून आलेल्या वस्तूंना मान चढला. 'विलायती' शब्द पाटावर बसला आणि गावठीला दाराशी उभे राहावे लागले. चोरून गाळलेली दारू ती गावठी, बिनपरवान्याचे पिस्तूल तो गावठी कट्टा. (खेड्यापाड्यात पिस्तुले कोण घडवीत बसतो, ते वर्तमानपत्रवाल्यांनाच ठाऊक.) शहरात तर कपडे, बोलणे, जेवण, जे आपल्यासारखे नाही ते गावठी झाले. आणि माझा अनुभव असा की, ज्याच्या बापाने गाव सोडले तोच दुसऱ्याला गावठी म्हणण्यात सगळ्यांत पुढे असतो.

पण बाजारात निराळेच घडले. 1964 साली ज्वारीचे सीएसएच-1 हे संकरित वाण आले, पाठोपाठ भाताची नवी वाणे आली, पोल्ट्रीच्या कोंबड्या आल्या. पिकले भरपूर, पोटे भरली, हे विसरून चालणार नाही. तरी लोकांच्या तोंडी 'हायब्रीड' हा शब्द नाजूक, बेचव अशा अर्थाने बसला. लगेच दमणाऱ्या पोराला म्हातारे 'हायब्रीड' म्हणू लागले. ब्रॉयलर कोंबडीची तर लोकांनी सरळ 'बॉयलर' करून टाकली. आणि गावठी अंडे, गावठी कोथिंबीर, गावठी लसूण यांना गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजू लागले. आपल्याच जिल्ह्यातल्या घोलवडच्या चिकूला 2016 साली आणि वाडा कोलम तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे गावाचे नावच मालाची ओळख ठरले.

भाव आला की लबाडीही येते. टरफल तपकिरी असले की अंडे गावठी, असे शहरातले गिऱ्हाईक समजते. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, आणि तपकिरी अंडी देणाऱ्या जाती मोठ्या पोल्ट्रीतही पाळतात. तेव्हा तुम्ही खरोखरीची गावठी अंडी विकत असाल, तर कोंबडी काय खाते आणि कुठे फिरते हे गिऱ्हाइकाला सांगा. रंगावर सोडू नका.

आपल्या शेजारचे तारापूरचे अणुवीज केंद्र अमेरिकेच्या मदतीने उभे राहिले आणि 1969 साली सुरू झाले. त्या पुढारलेल्या अमेरिकेतही शेतकऱ्याला चिडवायचा एक शब्द आहे, 'रेडनेक', म्हणजे लाल मानेचा. वाकून शेतात राबणाऱ्या गोऱ्या माणसाची मान उन्हाने भाजून लाल होते, त्यावरून तो पडला असे सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या दक्षिणेकडच्या गरीब शेतकऱ्यांना हे नाव चिकटले. 1921 साली वेस्ट व्हर्जिनियातल्या संपकरी खाणकामगारांनी खुणेसाठी गळ्यात लाल रुमाल बांधले, तर त्यांनाही रेडनेकच म्हटले गेले. पुढे त्याच लोकांनी गाण्याबजावण्यातून तो शब्द छाती काढून मिरवायला घेतला. तरी शहरी माणसाच्या तोंडी त्यात 'अडाणी, कोत्या मनाचा' हा डंख आजही आहे.

हे सगळे मी त्या मुलीला सांगितले. ती हसली, पण लगेच म्हणाली, "काका, आणि आपण घाटावरून आलेल्या माणसाला घाटी म्हणतो ते?" मी निरुत्तर. घाटी म्हणजे नुसता घाटावरचा. पण आपण तो शब्द कोणत्या सुरात काढतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

परवा पालघर स्टेशनवर काकी भेटल्या, लेकीला गाडीत बसवायला आल्या होत्या. मुलीच्या हातात भुशात बांधलेली टोपली होती. वसतिगृहातल्या एका मुलीने घरच्यांसाठी दोन डझन गावठी अंडी मागवली होती. हसणाऱ्यांतलीच ती एक.

"फुकट दिलीत की काय?" मी विचारले.

"छे हो," काकी म्हणाल्या, "भाव आधीच सांगितलाय. एक रुपया कमी केला नाही."