फुलकोबीवरील ठिपके : आधीं पाहणी, मग फवारणी

फुलकोबीच्या पानावर ठिपका दिसला कीं दुकान गांठावयाचें, मिळेल तें औषध आणावयाचें, आणि गुण न आल्यास दुसरी बाटली फोडावयाची, असा प्रघात आपल्यांत पडला आहे. यानें पिकाचें रक्षण होत नसून केवळ खर्च वाढतो, असें माझें स्पष्ट मत आहे. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां जागेवरील पंचनाम्यावांचून हुकूम निघूं नये, हें मीं पहिल्यानें शिकलों. पिकासही हाच न्याय लागू आहे.

ठिपके मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला करपा. हा आल्टर्नेरिया नांवाच्या बुरशीनें होतो. प्रथम खालच्या जुन्या पानांवर बारीक काळसर ठिपके उमटतात. ते वाढले म्हणजे त्यांत एकांत एक वलयें दिसतात, आणि दमट हवेंत त्यांवर काजळीसारखी भुकटी धरते. हाच रोग गड्ड्यावर गेला कीं तपकिरी डाग पडून मालाची किंमत जाते. दुसरा घाण्या. हा जिवाणूंचा रोग. यांत पानाच्या कडेपासून मधल्या शिरेकडे निमुळता होत जाणारा पिवळा त्रिकोण दिसतो व त्यांतील शिरा काळ्या पडतात. तिसरा केवडा. पानाच्या वरच्या अंगास फिकट पिवळे डाग असतात, आणि पान उलटें केलें असतां खालीं पांढुरकी बुरशी आढळते. ती सकाळच्या दंवांत चांगली दिसते.

हा भेद जाणण्याचें कारण उघड आहे. मँकोझेबसारखें बुरशीनाशक घाण्याच्या जिवाणूस मारीत नाहीं. मग घाण्या लागलेल्या शेतांत तें कितीही वेळां फवारलें, तरी पैसा मातींतच गेला म्हणावयाचा.

कोणी म्हणतील, रोग झपाट्यानें पसरत असतां पाहणी करीत काय बसावें? परंतु चार ओळींतून फिरून पानें उलटीं करून पाहण्यास घटकाभरही लागत नाहीं. फवारणीस माझा विरोध नाहीं. करपा असल्याची खात्री होतांच पहिल्या ठिपक्यांवरच ती करावी. फुलकोबीचें पान मेणचट असल्यामुळें द्रावणांत चिकट द्रव्य मिसळावें. वेष्टनावर लिहिलेलें प्रमाण आणि काढणीपूर्वीं सोडावयाचे दिवस कसोशीनें पाळावे.

तथापि खरा बंदोबस्त पेरणीपूर्वींचा आहे. करपा व घाण्या हे दोन्ही रोग बियाण्यांतून येतात. बीं 50 अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यांत 20 मिनिटें ठेवून लगेच थंड पाण्यांत काढावें व सावलींत सुकवावें. उष्णता वाढली तर उगवण मरते, म्हणून उष्णतामापकावांचून हें करूं नये, आणि आधीं थोड्या बियांवर प्रयोग करून पाहावा. कंपनीनें औषध लावून दिलेल्या बियाण्यास ही क्रिया करूं नये. त्याच जमिनींत दोन-तीन वर्षें कोबी, नवलकोल, मुळा, मोहरी यांपैकीं कांहीं घेऊं नये. काढणीनंतरचा पाला बांधावर न टाकतां खोल गाडावा. तुषारसिंचन सायंकाळीं करूं नये. पान रात्रभर ओलें राहिलें कीं बुरशीस आयतीच संधि मिळते.

शेवटीं एक गोष्ट. सातबाऱ्यावरील हद्द वाऱ्यास ठाऊक नसते. एकानें पाला गाडला व शेजाऱ्यानें बांधावर रचला, तर पहिल्याची मेहनत फुकट जाते. म्हणून गांवोगांवच्या मंडळींनीं एक चांगला उष्णतामापक सामायिक ठेवावा, रोपवाटिकेचें बीं एकत्र शुद्ध करून घ्यावें, आणि पाला गाडण्याचा आठवडा ठरवून सर्वांनीं पाळावा. यास खर्च थोडा आहे. लागतो तो एकोपा. तो आपण दाखवाल, अशी आशा बाळगून लेख पुरा करितों.