'फ्री बर्ड'चे वारसदार

अमेरिकेत मैफल कुणाचीही असो, दोन गाण्यांच्या मध्ये जरा शांतता झाली की मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडतोच, 'फ्री बर्ड!' आपल्या संगीत नाटकांतल्या 'वन्स मोअर'चीच ही जात. फरक इतकाच की ज्यांचे गाणे मागितले जाते, ते तिथे रंगमंचावर नसतातच.

ते गाणे फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या 'लेनर्ड स्किनर्ड'चे. १९७७ साली आजच्याच तारखेला, २० ऑक्टोबरला, या बँडचे विमान इंधन संपून मिसिसिपीतल्या गिल्सबर्गजवळच्या जंगलात कोसळले. गायक रॉनी व्हॅन झांट, गिटारवादक स्टीव्ह गेन्स आणि त्याची गायिका बहीण कॅसी यांच्यासह सहा जण गेले. 'स्ट्रीट सर्व्हायव्हर्स' हा त्यांचा अल्बम जेमतेम तीन दिवसांपूर्वी बाजारात आला होता आणि मुखपृष्ठावर बँड ज्वाळांत उभा होता. कंपनीने ते चित्र घाईघाईने बदलले. दहा वर्षांनी वाचलेले वादक पुन्हा एकत्र आले तेव्हा रॉनीच्या जागी त्याचा धाकटा भाऊ जॉनी उभा राहिला. 'फ्री बर्ड' गाणे मात्र त्याच्या जिवावर आले. बँड नुसते वाजवत राही, माइकवर रॉनीची टोपी अडकवलेली असे आणि शब्द प्रेक्षक म्हणत. वारसा खऱ्या अर्थाने कुणाच्या हाती गेला, ते तेव्हाच ठरले.

५ मार्च २०२३ रोजी बँडचा गिटारवादक गॅरी रॉसिंग्टन गेला. मूळ संचातला तो शेवटचा. त्यानंतरही जॉनी आणि गिटारवादक रिकी मेडलॉक यांनी दौरे चालूच ठेवले आणि चाहत्यांत उभी फूट पडली. एक पक्ष म्हणतो, आता हा पाटी तेवढी जुनी असलेला नकली माल आहे. दुसरा म्हणतो, गाणी जिवंत आहेत ना, मग तक्रार कसली? आमचा कौल दुसऱ्या पक्षाला, पण बिनशर्त नाही. कारण गाणे सांभाळण्याची जबाबदारी घेणारे चाहते त्यातले अडचणीचे भाग हळूच गाळतात.

झेंड्याचेच पाहा. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेचा झेंडा या बँडच्या मागे वर्षानुवर्षे फडकत होता. २०१२ मध्ये रॉसिंग्टनने मुलाखतीत सांगितले की द्वेष पसरवणाऱ्या टोळ्यांनी तो बळकावला आहे, म्हणून आम्ही तो बाजूला ठेवतो. चाहते असे भडकले की काही दिवसांतच बँडला खुलासा करून माघार घ्यावी लागली. कलावंत चार पावले पुढे गेला होता; त्याला मागे ओढणारे त्याचेच भक्त होते. त्याच दक्षिणेच्या सेनापतीचे, रॉबर्ट ली याचे, नाव मिरवणारी जॅक्सनव्हिलची शाळा (केसांवरून बँडमधल्या पोरांना छळणारे, ज्यांच्या नावाची बँडने टिंगल केली ते व्यायामशिक्षक लेनर्ड स्किनर इथलेच) २०२१ मध्ये नाव बदलून मोकळी झाली. शाळेला जमले ते चाहत्यांना जमले नाही.

'स्वीट होम अलाबामा'ची गत याहून गमतीची. याच बँडचे १९७४ चे हे गाणे म्हणजे गायक नील यंगला दिलेले प्रत्युत्तर. यंगने आपल्या गाण्यांतून दक्षिणेच्या वर्णद्वेषावर कोरडे ओढले होते. गाणे रचणाऱ्या तिघांपैकी अलाबामाचा एकही नाही. एक तर थेट कॅलिफोर्नियाचा. गाण्यात अलाबामाच्या गव्हर्नरचा उल्लेख येतो तेव्हा मागच्या आवाजांतून हुर्यो उडवल्यासारखे काही ऐकू येते. स्टेडियममध्ये बाह्या सरसावून हे गाणे म्हणणाऱ्यांच्या कानांवर मात्र ते क्वचितच पडते. अलाबामा राज्याने तर ही ओळ मोटारींच्या नंबरप्लेटवर छापली. आणि रॉनी? 'स्ट्रीट सर्व्हायव्हर्स'च्या मुखपृष्ठावर तो नील यंगचा टी-शर्ट घालून उभा आहे. पुढे खुद्द यंगने आपल्या आठवणींत लिहिले की आपल्या गाण्याबद्दल मिळालेला टोला योग्यच होता. भांडणाऱ्या दोघांनी एकमेकांना केव्हाच मान दिला होता. वैर पुढे चालवले ते श्रोत्यांनी.

आज स्मरणसभा होतील, मेणबत्त्या लागतील, 'फ्री बर्ड'च्या लांबलचक गिटारवर माणसे डोळे मिटतील. ते होऊ द्यावे. पण याच रॉनीने १९७५ मध्ये स्वस्त पिस्तुलांविरुद्ध 'सॅटर्डे नाइट स्पेशल' हे गाणे केले होते, आणि बंदूक बाळगणे हा जन्मसिद्ध हक्क मानणारे कितीतरी लोक आज त्याच्या नावाचे टी-शर्ट घालून फिरतात. मूळ बँड उरला नाही म्हणून गळा काढणाऱ्यांनी आधी त्या गाण्याची फर्माईश करावी.