टिळकांची वाटणी

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची वाटणी मराठीत फार पूर्वीच होऊन गेली आहे. साहित्याने ‘केवढे हे क्रौर्य!’ आणि ‘वनवासी फूल’ घेतले, ‘फुलांमुलांचे कवी’ असे बिरुद दिले आणि आपण मोकळे झाले. ख्रिस्ती मंडळ्यांनी त्यांची भजने घेतली. ती ‘उपासनासंगीता’तून आजही रविवारी गायिली जातात. मात्र मंडळीच्या जीवनाविषयी आयुष्यभर चिंतन करणारा आणि अखेरीस त्याच चिंतनापायी मिशनची सेवा सोडणारा धर्मसेवक कोणाच्याच वाट्याला गेला नाही. आमच्या मते मुख्य टिळक तोच. त्याला वगळून केलेले टिळकांचे अध्यापन अपुरे असते, आणि त्याला वगळून गायिलेले भजन सोयीचे.

घटनाक्रम सर्वांना ठाऊक आहे, अर्थ मात्र कोणी लावत नाही. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे १८३१ साली काम सुरू केले. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली याच नगरात निघाले. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले टिळक या मिशनच्या सेवेत आले. नगरला त्यांनी धर्मशिक्षण घेणाऱ्या तरुणांना शिकवले, उपदेश केले, कीर्तने केली, पुढे ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले. दोन दशकांहून अधिक काळ अशी सेवा केल्यावर १९१७ साली त्यांनी मिशनचा राजीनामा दिला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले आणि दरबारही फार काळ टिकला नाही.

एवढ्यावरून दरबार म्हणजे एका भावनाशील कवीची उतारवयातली लहर, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. आम्हांला तो मान्य नाही. टिळकांची श्रद्धा ढळली नव्हती. ती इतकी वाढली होती की मिशनच्या आवारात मावेना. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या शिष्यांना त्यांनी दरबारात जागा ठेवली. धर्मांतराची नोंदवही ज्या व्यवस्थेत यशाचे माप होती, तिला याहून अवघड प्रश्न विचारता आला नसता. परक्या पैशावर आणि परक्या निर्णयांवर चालणारी मंडळी स्वतःची साक्ष देऊ शकते काय, हा दुसरा प्रश्न. तुकोबांचे बोट धरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी ज्याची धारणा होती, त्याला हे दोन्ही प्रश्न टाळता येण्याजोगे नव्हते.

भाषेच्या अभ्यासकाने येथे शब्दांकडे पाहावे. मराठी ख्रिस्ती समाजात धर्मसेवकाला ‘पाळक’ म्हणतात. जेथे पाळक आहे तेथे कळप आहे, आणि कळपाला मत नसते, ही भीती त्या सुंदर शब्दाच्या पोटातच आहे. ‘मिशन’ हा शब्द तर भाषांतरितही झाला नाही. नगरकरांच्या बोलण्यात तो ‘मिशन कंपाउंड’ म्हणून, म्हणजे कुंपणासकट, रुजला. त्यापुढे ‘दरबार’ ठेवून पाहा. दरबारात धनी एकच, आणि फिर्याद घेऊन येणाऱ्याला दार उघडे. नाव ठेवतानाच टिळकांनी आपले म्हणणे सांगून टाकले होते.

आता आमच्या वर्गांकडे वळू. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आम्ही शिकवतो ती विनोदी, निर्मळ, घरगुती आत्मकथा म्हणून. विक्षिप्त नवरा, सोशिक बायको, घरात मुलासारखे राहिलेले बालकवी, एवढ्यावर प्रश्नपत्रिका निघते. परंतु सोवळ्यात वाढलेल्या या बाईचे जातिभेदाचे बंधन तिच्याच विचाराने कसे तुटत गेले, तो भाग आम्ही ‘स्वभावदर्शन’ या सदरात टाकतो. वास्तविक ते धर्मचिंतन आहे. व्यासपीठावरून केलेले नाही, स्वयंपाकघरातून केलेले आहे, एवढाच फरक. टिळकांनी आरंभलेले आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले ‘ख्रिस्तायन’ तर नामोल्लेखापुरतेच उरले आहे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्या मुख्यतः महार आणि मांग वस्त्यांतून उभ्या राहिल्या. त्यांना मिशनची शाळा, दवाखाना आणि नोकरी हे परके जोखड वाटले नाही. गावकीतून सुटण्याची ती शिडी होती. मिशन सोडणे चित्पावन कवीला परवडले, कारण त्याच्यामागे भाषा आणि प्रतिष्ठा उभी होती. हा आक्षेप आम्ही फेटाळत नाही. टिळकांचे ‘भारतीयत्व’ पुष्कळदा उच्चवर्णीय संस्कारांतून आलेले आहे, हेही मान्य केले पाहिजे. तथापि अभंग ही ब्राह्मणांची मिरास नव्हे. त्या वाटेवर चोखामेळा तुकोबांच्याही आधी चालून गेला आहे. आणि मंडळी कोणाची, हा दरबाराचा प्रश्न खेड्यातल्या ख्रिस्ती माणसाला अधिक लागू होता, कारण मिशनच्या हिशेबात तो कायम घेणारा होता, ठरवणारा नव्हता.

१९७० साली येथील मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. कुंपणाच्या आतले धनी बदलले. मागे राहिलेल्या जागा, इमारती आणि पदे यांच्यापायी मंडळीची किती शक्ती खर्च होते, हे एखाद्या प्रामाणिक पाळकाला एकांतात विचारावे. टिळकांच्या प्रश्नाचे उत्तर अजून दिले गेलेले नाही, हे तो सांगेल.

आमची मागणी साधी आहे. साहित्याच्या वर्गात टिळकांच्या फुलांबरोबर त्यांचा राजीनामाही शिकवावा. मंडळीने त्यांचे भजन गाताना, ते रचणारा माणूस १९१७ साली आपल्या दारातून बाहेर का पडला, याची आठवण ठेवावी. शंभर वर्षे आपण त्यांना वाटून घेतले. आता एकदा अखंड वाचू या.