जोडशब्दांची यादी आणि गोष्टीचा सांधा

सहावी ते आठवीच्या वर्गांत कथालेखन शिकवताना ‘प्रथम, त्यानंतर, थोड्या वेळाने, अचानक, शेवटी’ अशा शब्दांची यादी मुलांना पाठ करायला देण्याची पद्धत रूढ आहे. वाचकाला एका वाक्यातून पुढच्या वाक्यात नेणाऱ्या या शब्दांना सोयीसाठी जोडशब्द म्हणता येईल. यादीच्या समर्थकांचे म्हणणे असे की, 11 ते 14 वर्षांच्या मुलांजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असले तरी ते क्रमाने मांडणे त्यांना जमत नाही. यादीमुळे क्रम लागतो आणि दिलेल्या मुद्द्यांवरून कथा रचताना एकही मुद्दा सुटत नाही. या पूर्वपक्षात तथ्य आहे, कारण कोऱ्या कागदापुढे अडलेल्या मुलाला यादीचा आधार होतोच. मात्र त्या आधारालाच कथनाचे कौशल्य मानले जाते, तेथे आक्षेप घ्यावा लागतो.

पहिला आक्षेप व्याकरणाचा आहे. दोन शब्द किंवा दोन वाक्ये जोडणाऱ्या अविकारी शब्दाला उभयान्वयी अव्यय म्हणतात आणि शालेय व्याकरणात त्याचे समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक, स्वरूपबोधक, उद्देशबोधक, कारणबोधक व संकेतबोधक असे आठ पोटप्रकार सांगितले जातात. या आठांत कालबोधक असा प्रकारच नाही. यादीतील ‘त्यानंतर’सारखे बहुतेक शब्द क्रिया केव्हा घडली एवढेच सांगणारी क्रियाविशेषणे आहेत, ती घटना एकामागे एक उभ्या करतात, पण एकीतून दुसरी का उद्भवली, हे सांगत नाहीत.

याचा परिणाम एका उताऱ्यात दिसेल. ‘प्रथम मंदा विहिरीवर गेली. त्यानंतर तिने बादली आत सोडली. त्यानंतर ती दोर ओढू लागली. अचानक दोर तुटला. शेवटी ती घरी गेली.’ येथे क्रम चोख आहे, पण ही गोष्ट नसून घटनांची नोंद आहे. हाच मजकूर असाही लिहिता येतो : ‘मंदाने विहिरीवर जाऊन बादली आत सोडली. ती दोर ओढू लागली, तोच दोर तुटला. ती रिकाम्या हाताने घरी निघाली. पण अंगणापाशी येताच तिची पावले अडखळली, कारण आईला काय सांगायचे, हेच तिला सुचेना.’ यादीतला एकही शब्द येथे नाही, तरी क्रम कोठेही तुटलेला नाही. ‘जाऊन’ आणि ‘येताच’ या धातूंपासून बनलेल्या रूपांनी, म्हणजे धातुसाधितांनी, तो आपल्या पोटातच वाहून नेला आहे. ‘अचानक’ने आकस्मिकता नुसती सांगितली होती, ‘तोच’ने ती घडवली; आणि ‘पण’ व ‘कारण’ लिहायची वेळ आली, तेव्हा मुलाला मंदाच्या मनात शिरावे लागले.

याच्या उलट टोकाचा पक्ष असा की, मुलांना मोकळे लिहू द्यावे, सांधे आपोआप जुळतात. तोही टिकत नाही. तोंडी गोष्ट सांगणाऱ्याला आवाजाचा चढउतार, हातवारे आणि ऐकणाऱ्याचा हुंकार यांची साथ असते. कागदावर यांपैकी काहीच उरत नसल्याने ते काम शब्दांना आणि शब्दरूपांना करावे लागते. म्हणून बोलण्यातल्या ‘मग’लाही लेखनात सरसकट दोष मानू नये. 13व्या शतकातील ‘लीळाचरित्रा’च्या गद्यात ‘मग’ वारंवार येतो आणि तेथील छोट्या वाक्यांना तो शोभतो. खटकते ती विचार न करता केलेली पुनरुक्ती.

तेव्हा शब्दाआधी संबंध शिकवावा, हेच योग्य. एकाच कर्त्याच्या लागोपाठच्या क्रियांना ‘-ऊन’ पुरते; ‘मंदा घरी येऊन पाऊस सुरू झाला’ हे वाक्य कानाला खटकते, कारण तेथे कर्ता बदलला आहे आणि म्हणून ‘आल्यावर’ हवे. दोन क्रिया एकाच वेळी चालू असतील तर ‘-ताना’, एक होताक्षणी दुसरी घडली तर ‘-ताच’, अपेक्षाभंग असेल तर ‘पण’. यादीतले शब्द टाकाऊ ठरत नाहीत. मधले दिवस ओलांडायचे असतील तेव्हा ‘आठवड्याने’ हा एक शब्द परिच्छेदभर मजकूर वाचवतो. मोठ्या लेखनात हे काम रचनाही करू शकते : साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त प्रकरणांनाच ‘रात्र’ म्हटले असल्याने एका आठवणीतून दुसरीत जाण्यासाठी वेगळा सांधा लागत नाही.

वर्गात यासाठी एक साधी कसोटी पुरेशी आहे. लिहून झालेल्या कथेतील प्रत्येक जोडशब्द झाकून ती वाचावी. अर्थाचे काहीच बिघडले नाही, तर तो शब्द भरतीचा होता. मंदाच्या पहिल्या उताऱ्यातील दोन्ही ‘त्यानंतर’ झाकले तरी गोष्ट जागची हलत नाही. दुसऱ्यातील ‘कारण’ झाकला की मंदाची पावले का अडखळली, हे सांगणारे कोणी उरत नाही.